बाईला आधी मरावंच का लागतं? : कोकणात भुतं रंगवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कोकणात येऊन भयकथा चित्रित करणारे निर्माते आणि दिग्दर्शक, मालिका-वेबसिरीजचे लेखक, कॉमिक्सचे चित्रकार, आणि आमच्या दशावतारी नाट्यमंडळांचे मालक व कलाकार,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुढच्या गोष्टीतली बाई जिवंत ठेवा, एवढं मागायला हे पत्र लिहिते आहे. ती जनावर झाली तरी चालेल. माझं तर म्हणणं आहे की व्हावीच. तिच्या हाताला नखं फुटू देत, पाठीवर केस येऊ देत, रात्री ती कुंपण ओलांडून रानात जाऊ दे. पण हे सगळं तिच्या जिवंत शरीराला होऊ दे.

मी वेंगुर्ले तालुक्यातली. भयकथा बघायला, वाचायला मला मनापासून आवडतं आणि त्याची मला लाज वाटत नाही. 'तिन्हीसांजेचा पाणंदीत जाव नको, हडळ धरतली' हे ऐकत जी मुलं वाढली, त्यांना भीती कशी बांधायची हे कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही कॅमेरे घेऊन इकडे येता ते त्यासाठीच. माड, कौलारू घर, मागीलदार, विहीर, पाऊस, सगळं तयार मिळतं. भूतही तयार मिळतं. तक्रार त्या भुताविषयी आहे.

कोकणातल्या भुतांच्या जुन्या नोंदी बघा. १९१५ साली ब्रिटिश अधिकारी आर. ई. एन्थोवेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींचं जे टिपण छापलं, त्यात बायकांच्या भुतांची वर्गवारी दिलेली आहे. गावोगाव तपशील बदलतात, पण साधारण हिशेब असा : बाळंतपणात गेली ती अळवंत. बाळंत होऊन दहा दिवसांच्या आत किंवा विटाळात गेली ती हडळ. नवरा जिवंत असताना गेली ती जखीण. विधवा होऊन गेली ती लावसट. बाई मेल्यावर कोण होणार हे तिच्या नवऱ्यावर आणि तिच्या कुशीवर ठरतं. ती जन्मभर काय करत होती, कशावर चिडत होती, तिला काय हवं होतं, याला त्या हिशेबात जागाच नाही.

आता पुरुषाची बाजू बघा. आमच्या आरवलीचा वेतोबा. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण त्याचं देऊळ आहे, त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. माझीही आहे. वेतोबापुढे हात जोडतानाच हा प्रश्न मला पडला : रात्री फिरणारा पुरुष राखणदार झाला, आणि रात्री फिरणारी बाई मेलेलीच का असावी लागते? देवी आहेत ना, असं कुणी म्हणेल. आहेत. वारुळाच्या रूपातली सातेरी आहे, माउली आहे, आंगणेवाडीची भराडी आहे. पण देवी ही शेजारच्या घरातली बाई नव्हे. एका टोकाला सातेरी आणि दुसऱ्या टोकाला हडळ, मधली सगळी जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत आमच्या आया, मावश्या, बहिणी राहतात.

तुमच्या गोष्टी ही जागा भरत नाहीत. 'रात्रीस खेळ चाले'ची शेवंता घ्या. सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या त्या घराने महाराष्ट्राला वेड लावलं आणि शेवंता त्या मालिकेतली सगळ्यांत लाडकी ठरली. पण जिवंत होती तेव्हा ती अण्णांच्या मर्जीवर जगत होती. तिची खरी दहशत सुरू झाली ती मेल्यानंतर. २०२४ सालचा 'मुंज्या' तर किनाऱ्यावरचीच गोष्ट, आणि आदित्य सरपोतदार यांनी ती जीव ओतून केली आहे, पण तिथेही हट्ट, भूक आणि खोडी सगळी मुंज्याची. मुलीच्या वाट्याला काय येतं, तर त्याने धरलं जाणं.

म्हणून तुम्हाला एका वेगळ्या बाईची ओळख करून द्यायची आहे. बाहेरच्या सिनेमा-कॉमिक्समध्ये ती शंभर वर्षांहून जास्त काळ आहे : चंद्राच्या, चाव्याच्या किंवा रक्तातल्या वारशाच्या जोरावर लांडगा होणारी बाई. लोकांना वाटतं की हा पुरुषांचा प्रकार आणि बायका त्यात मागाहून आल्या. उलट आहे. १९१३ साली 'द वेअरवुल्फ' नावाचा मूकपट निघाला. लांडगा होणाऱ्या माणसाचा माहीत असलेला हा पहिला चित्रपट, आणि त्यात लांडगा होते ती नाव्हाहो या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीतल्या एका बाईची मुलगी. १९२४ च्या आगीत त्याच्या प्रती जळाल्या, त्यामुळे आज तो कुणालाच बघता येत नाही. मग १९४१ मध्ये 'द वुल्फ मॅन' आला आणि लांडगा म्हणजे पुरुष हे पक्कं झालं. १९४६ च्या 'शी-वुल्फ ऑफ लंडन'मध्ये तर लांडगीण फक्त नावात आहे. नायिकेला वाटत राहतं की आपणच रात्री खून करतो आहोत, आणि शेवटी कळतं की घरातल्याच मोठ्या बाईने तिच्या मनात ते भरवलं होतं. लांडगीण नाहीच. बाईला स्वतःविषयी एवढी भीती घालता येते, हे त्या सिनेमाने बरोबर पकडलं, पण तिला नखं द्यायची वेळ आली तेव्हा माघार घेतली.

ही माघार पुढेही दिसते. १९८१ च्या 'द हाउलिंग'मध्ये पुरुषाचं लांडगा होणं बघवत नाही इतकं तपशिलात दाखवलं आहे : कातडी फुगते, तोंड पुढे येतं. त्याच सिनेमात शेवटी नायिका, जी टीव्हीवर बातम्या देते, थेट प्रक्षेपणात लोकांसमोर बदलते. कल्पना जबरदस्त आहे. पण तिला मिळतो मऊ, केसाळ, कणव यावी असा चेहरा आणि डोळ्यात अश्रू. पुरुष भयानक व्हायला मोकळा, बाईने भयानक होतानाही गोड दिसायचं. त्यानंतरच्या कितीतरी मालिकांमध्ये बाई सरळ एक देखणी लांडगीण होऊन जाते, आणि मधली ओंगळ, दुखणारी पायरी गाळलेली असते. ती पायरी गाळलीत तर गोष्टच गाळलीत.

ज्यांनी ती गाळली नाही, त्यांच्यापाशी जरा थांबते.

२००० साली कॅनडात 'जिंजर स्नॅप्स' नावाचा सिनेमा झाला. जॉन फॉसेट यांचं दिग्दर्शन, कॅरन वॉल्टन यांची पटकथा. जिंजर आणि ब्रिजिट या दोन बहिणी. जिंजर सोळाची व्हायला आली आहे, पाळी अजून आलेली नाही. ज्या रात्री ती येते त्याच रात्री एक जनावर तिला चावतं. पुढे तिच्या शरीराला जे जे होतं, ते पाळीचं की चाव्याचं, हे कुणाला सांगता येत नाही. शाळेतली नर्स हसतमुखाने सांगते की रक्त, दुखणं, नको तिथे केस, हे सगळं नॉर्मल आहे. ती खोटं बोलत नाही. तिच्या त्या दोन मिनिटांइतकी भीती मला कुठल्याच किंकाळीने घातलेली नाही, कारण मुलगी मदत मागते आहे आणि तिला तयार उत्तर मिळतं आहे. त्याआधी, १९८५ साली, 'स्वॅम्प थिंग' या कॉमिकच्या ४० व्या अंकात ॲलन मूर यांनी हाच धागा धरला होता. पाळीच्या दिवसांत बायकांना वेगळं बसवण्याची जुनी झोपडी आणि आजच्या गृहिणीचं घर ही दोन्ही त्यांनी समोरासमोर ठेवली, आणि त्या घरातल्या बाईची लांडगीण झाली.

आता आपलं बघा. 'कावळा शिवला' म्हणून कोपऱ्यात बसवलेली मुलगी कोकणातल्या किती घरांनी पाहिली आहे? वेगळी चटई, वेगळं ताट, गणपतीच्या दिवसांत आली तर घरभर कुजबूज. आणि त्याच दिवसांत ती मेली तर तिची हडळ होणार, असं आपणच ठरवून ठेवलेलं. कॅनडातल्या माणसांना हा धागा जोडायला कल्पना लढवावी लागली, आपल्याकडे तो लोकसमजुतीत आयता विणलेला आहे. मग एकाही मराठी लेखकाला असं का सुचू नये, की ती मुलगी मरत नाही, त्या कोपऱ्यातच बदलते?

दुसरी गोष्ट २०१४ ची, डेन्मार्कची, 'व्हेन ॲनिमल्स ड्रीम'. समुद्राकाठचं मासेमारीचं गाव, मासळी साफ करण्याच्या कारखान्यात नुकतीच कामाला लागलेली मारी नावाची सोळा वर्षांची मुलगी. पहिल्या दिवसांतच कामगार तिला माशांच्या घाणीत ढकलून देतात आणि हसतात. घरी आई चाकाच्या खुर्चीत, न बोलणारी. हळूहळू कळतं की आई आजारी नाही. तिच्यात जे आहे ते बाहेर येऊ नये म्हणून नवरा आणि डॉक्टर मिळून तिला वर्षानुवर्षं गुंगीत ठेवत आले आहेत, आणि आता मुलीसाठीही इंजेक्शन तयार आहे. गावाला सगळं माहीत आहे. कुणी बोलत नाही.

हा सिनेमा बघताना मला डेन्मार्क दिसलाच नाही. बंदरावरच्या शेडमध्ये पहाटेपासून कोळंबी सोलणाऱ्या, बर्फाने बोटं बधिर झालेल्या मुली दिसल्या. माजघरात गोळ्या देऊन निजवलेली, पाहुणे आले की 'तिची तब्येत बरी नसते' म्हणून सांगितली जाणारी काकी दिसली. प्रत्येक वाडीत अशी एक असते. भूत कशाला हवं? वाडीने मिळून गप्प बसणं, ही कोकणातली सगळ्यांत मोठी भयकथा आहे आणि तुमच्यापैकी फार कमी जणांनी तिला हात घातला आहे.

मारीचा शेवट मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण ती उरते. जिंजर बहिणीच्या हातातल्या सुरीवर जाते. 'हाउलिंग'मधली नायिका कॅमेऱ्यासमोर गोळी खाते. 'स्वॅम्प थिंग'मधली गृहिणी सुपरमार्केटमधल्या सुऱ्यांवर झेपावते. मारी बोटीवर जिवंत असते. २०२० च्या आयरिश 'वुल्फवॉकर्स' या ॲनिमेशनपटातल्या मुलीही उरतात. तो १६५० सालच्या किलकेनीत घडतो. लांडगे मारा आणि जंगल तोडा असा परक्या राज्यकर्त्याचा हुकूम आहे, आणि शिकाऱ्याची मुलगी स्वतःच झोपेत लांडगा व्हायला लागते. आमच्या जिल्ह्यातल्या कळणे गावच्या खाणीची धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट लहान मुलांची वाटणार नाही.

कॉमिक्सवाल्यांना दोन नावं सांगते. पहिलं रेन सिंक्लेअर, म्हणजे वुल्फ्सबेन. १९८२ मध्ये ख्रिस क्लेरमाँट आणि बॉब मॅक्लाउड यांनी 'द न्यू म्यूटंट्स'मध्ये आणलेली, लांडगा होणारी स्कॉटिश मुलगी. पापाची भीती घालून तिला वाढवणारा धर्मोपदेशक तिच्यामागे जमाव घेऊन धावतो, आणि पुढे कळतं की तोच तिचा बाप आहे. दुसरं नाव कॅरन रेयेस. एमिल फेरिस यांच्या 'माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स' या २०१७ च्या चित्रकादंबरीतली शिकागोची दहा वर्षांची मुलगी. ती स्वतःला लांडग्याच्या तोंडाची मुलगी म्हणूनच काढते, कारण माणसांच्या जगात तिला तिची जागा दिसत नाही. सगळं पुस्तक रेघांच्या वहीत बॉलपेनने काढल्यासारखं आहे. डास चावून झालेल्या आजाराने फेरिस यांचा चित्र काढायचा हातच गेला होता, तो त्यांनी पुन्हा चालता केला आणि मग हे पुस्तक पुरं केलं. पिंगुळीच्या चित्रकथीची परंपरा ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या मुलींच्या हातात वही आणि पेन आहेच. त्यांना फक्त एवढं कळायला हवं आहे की असं काढलं तरी चालतं.

काही जण म्हणतील की आपल्याकडे इच्छाधारी नागीण आहे की. आहे, पण ती मुळात नागीण, बाईचं रूप घेतलेली. बदलताना तिला दुखत नाही, तिचा मेकअप हलत नाही, आणि बहुतेक वेळा तिचं सगळं आयुष्य मारल्या गेलेल्या नागाचा सूड घेण्यात जातं. मला हवी ती साधी बाई, जिला सकाळी उठून स्वतःच्या दंडाकडे बघून धसका बसतो. 'भेडिया'ने २०२२ मध्ये हे दार किलकिलं केलं. जनावरांची डॉक्टर असलेली अनिका हीच रानाची जुनी राखणदार आहे, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. पण ते कळतं अगदी शेवटाकडे, आणि तोवर सिनेमा नायकाच्या लांडगा होण्याचा झालेला असतो. तिच्या बाजूने तीच गोष्ट पहिल्यापासून सांगा ना.

एका बाबतीत मात्र सांभाळा, आणि हे मी अगदी हात जोडून सांगते. आपल्याकडे एकट्या बाईवर बोट ठेवून 'हिच्याकडे काहीतरी आहे' म्हणणारे अजून आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच झालेला नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा त्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणजेच ती होत होती. म्हणून बदलणारी बाई लांबून दाखवू नका. खिडकीबाहेरची सावली, पारावरच्या माणसांनी सांगितलेली अफवा, असं तिला ठेवलंत तर तुम्ही त्या बोट दाखवणाऱ्यांच्याच हाती कोलीत द्याल. कॅमेरा तिच्यापाशी असू दे. तिची भूक, तिची लाज, तिचा आनंद आम्हाला तिच्याकडूनच कळू दे. आनंद मुद्दाम म्हटलं. रात्री एकटीने, कुणाला न सांगता, न घाबरता रानातून धावण्यात किती आनंद असेल, हे लिहायला एखादी बाई लेखिका घ्या. पडद्यावर आणि पानावर या बायका बहुतेक वेळा पुरुषांनीच उभ्या केल्या आहेत.

आता थोडं कामाचं बोलते.

लांडगा आणू नका. लांडगा घाटावरचा, माळरानाचा. आमच्याकडे कोल्हा आहे, बिबळ्या आहे, तिलारीच्या पट्ट्यात वाघ आहे, आणि सह्याद्रीच्या रानात कळपाने शिकार करणारे कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे आहेत. कोल्हेकुई आम्ही लहानपणापासून अंथरुणात पडून ऐकली आहे, तिच्यावर वेगळं पार्श्वसंगीत चढवायची गरज नाही.

पौर्णिमेला चिकटून राहू नका. तो काही वेदातला नियम नाही. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'साठी कर्ट सिओडमॅक यांनी लिहिलेल्या कडव्यात नुसता शरदातला चंद्र होता, पूर्णचंद्र १९४३ च्या पुढच्या भागात आला. पटकथाकारांनी केलेला नियम तुम्ही पटकथाकार बदलू शकता. आमच्या किनाऱ्यावर चंद्राचं घड्याळ वेगळं चालतं. पौर्णिमेला आणि अमावस्येला, दोन्ही वेळा उधाण येतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यांत कमी भरती. खाडीकाठच्या बाईला हे कॅलेंडर न बघता कळतं. तिचं बदलणं उधाणाला जोडा. मग महिन्यातून दोनदा येईल, एकदा चांदण्यात आणि एकदा काळोखात. अंगणापर्यंत पाणी चढतं आहे आणि तिला घराबाहेर पडायचं आहे, एवढ्यावर एक अख्खा भाग लिहून होईल.

दशावतारी मंडळांना वेगळं सांगायचं आहे. तुमच्या ट्रिकसीनना गर्दी कशी होते ते मी जत्रेत पाहिलं आहे. एक बाकडं, पेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर तुम्ही राजदरबार उभा करता. स्त्रीपार्टी करणारा नट नऊवारी नेसून आला की समोरचा माणूस तो पुरुष आहे हे विसरतो. शरीर बदलून दाखवण्याची कला महाराष्ट्रात तुमच्याइतकी कुणाकडे नाही. पूतना, शूर्पणखा तुम्ही रंगवताच, पण त्या राक्षसिणी म्हणूनच येतात आणि मार खाऊन जातात. साध्या घरातली सून आख्यानाच्या मध्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाघीण होते आणि पहाटेपर्यंत मरत नाही, असं एखादं काल्पनिक नाटक बसवून बघा. महिलांची मंडळंही आता उभी राहिली आहेत. त्यांनी हे केलं तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.

आणि केस दाखवा. अंगावरचे, ओठावरचे, हनुवटीवरचे. ब्लीच आणि वॅक्सिंगच्या जाहिराती बघत वाढलेल्या मुलींसाठी तो एकच शॉट पुष्कळ काम करेल. संगणकावर सुळकन लांडगीण करून टाकू नका. मेकअप करणाऱ्याला वेळ द्या, पैसे द्या, नटीला चार तास खुर्चीत बसू द्या.

संहिता मालवणीत तपासून हवी असेल, रात्री दोन वाजता पाणंदीत खरोखर काय ऐकू येतं हे विचारायचं असेल, किंवा कोळंबीच्या शेडमधलं काम बघायचं असेल, तर इथल्या बायकांना विचारा. चित्रीकरणाच्या वेळी त्यांना जेवण बनवायला बोलावता, तसंच गोष्ट लिहिताना बोलवा. त्या येतील. मीही येईन.

आपली,
वेंगुर्ले तालुक्यातली एक प्रेक्षक आणि वाचक